बाळहिरड्याने घशातले जंतू खरंच मरतात का?

घसा खवखवला की आजी बाळहिरडा (हिरड्याचं वाळवलेलं कोवळं फळ) चघळायला देते, त्यात नेमकं काय असतं, असं विचारलंय.

टॅनिन! चघळताना तोंड आवळून येतं ना, ते त्यामुळेच. चेब्युलॅजिक, चेब्युलिनिक, गॅलिक, एलॅजिक आम्लं हिरड्यात भरपूर. टॅनिन प्रथिनांना चिकटतं, त्यात जंतूंची विकरंही (एन्झाइम) निकामी होतात. (चामडं कमावायला हिरडा लागतो, तो याच गुणामुळे.) दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सवर हिरड्याच्या अर्काचा परिणाम प्रयोगशाळेत दिसलाय. पण बशीतला अर्क वेगळा, तोंडातला तुकडा वेगळा. मला तर गुळण्यांचा काढाच बरा वाटतो.

आम्ही नाशिककर काष्ठौषधींच्या दुकानातून आणतो. आठळी न धरलेला, काळा, सुरकुतलेला बघून घ्या. गरोदरपणात मात्र नको, आणि ताप असेल तर सरळ डॉक्टर गाठा.