प्रवासी मिळण्याआधीच अपघात झाला, तर विमा कोणाचा?

प्रश्न : मी स्वतःची मोटार एका अॅपवर अर्धवेळ चालवतो. गेल्या महिन्यात अॅप सुरू होते, पण एकही भाडे स्वीकारलेले नव्हते. तेवढ्यात माझ्याकडून पुढच्या गाडीला धडक बसली. माझ्या विमा कंपनीने ‘गाडी धंद्यासाठी वापरात होती’ म्हणून दावा फेटाळला, तर अॅपच्या कंपनीने ‘गाडीत आमचा प्रवासी नव्हता’ असे कळवले. दोघांचेही खरे कसे असेल? परवान्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : आपापल्या कागदाप्रमाणे दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि म्हणूनच तुमचे पत्र वाचून वाईट वाटले. तुमची खासगी पॉलिसी काढून वापराच्या मर्यादेचे कलम वाचा. भाडे किंवा मोबदला घेऊन केलेली वाहतूक तिथे बहुधा वगळलेली असते, कारण दिवसभर अनोळखी प्रवाशांसाठी फिरणाऱ्या गाडीची जोखीम हप्ता ठरवताना धरलेलीच नसते. अॅपच्या कंपनीचे संरक्षण मात्र पुष्कळदा भाडे स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच पूर्ण असते. अॅप सुरू, पण भाडे नाही, हा मधला वेळ दोन्हीकडून उघडा राहतो.

ही फट जगासमोर आली ती एका दुःखद घटनेने. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये रस्ता ओलांडणारी सहा वर्षांची मुलगी अशाच, भाड्याच्या प्रतीक्षेत असलेल्या गाडीखाली सापडून दगावली, आणि गाडीत प्रवासी नव्हता, हाच मुद्दा तेव्हाही पुढे आला. त्यानंतर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला. १ जुलै २०१५ पासून तिथे प्रतीक्षेच्या काळातही इतरांच्या शारीरिक इजेसाठी माणशी किमान ५०,००० डॉलर, एका अपघातात एकूण १,००,००० डॉलर आणि मालमत्तेच्या हानीसाठी ३०,००० डॉलर इतके संरक्षण सक्तीचे झाले. भाडे स्वीकारल्यावर ते १० लाख डॉलर ठरले. यातला एक बारकावा चालकांच्या हमखास नजरेतून सुटतो : हे आकडे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी आहेत. स्वतःच्या चेपलेल्या बंपरचा खर्च त्यात येत नाही, त्याला वेगळे संरक्षण लागते.

तुम्ही आता अॅपमधील त्या दिवसाची नोंद, कितीला सुरू केले आणि कितीला बंद, मिळवून जपून ठेवा आणि दोन्ही कंपन्यांकडून नकाराचे कारण कलमासह लेखी मागा. यापुढे आपल्या विमा कंपनीला अॅपवरील काम आधीच कळवा; प्रतीक्षेचा काळ सामावणारी पुरवणी किंवा व्यावसायिक पॉलिसी मिळत असेल, तर जास्तीचा हप्ता भरणे मला भाग वाटते. ही माहिती लपवली, तर एखादे वेळी सारी पॉलिसीच रद्द ठरू शकते.

परवान्याचा संबंध तर फार जवळचा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने उबरचा परवाना वाढवण्यास नकार दिला. त्यामागच्या कारणांपैकी एक असे होते की, काही जण दुसऱ्या चालकांच्या खात्यावर आपले छायाचित्र चढवून गाड्या चालवत होते. अशा किमान १४,००० फेऱ्या झाल्या होत्या आणि त्या सगळ्या विम्याविना झाल्याचे प्राधिकरणाने स्पष्ट केले. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २० डिसेंबर २०१७ रोजी ही सेवा वाहतूक क्षेत्रातीलच असल्याचा निर्वाळा दिला, त्यामुळे तिच्या अटी ठरवण्याचा अधिकार तिथे सदस्य देशांकडे राहिला. म्हणून आपल्या भागातील परवाना, बिल्ला आणि वाहन तपासणी यांच्या मुदती पॉलिसीच्या तारखेइतक्याच काळजीने सांभाळा.

प्रश्न : मी कामावर जाताना तीन सहकाऱ्यांना सोबत नेते आणि इंधनाचा खर्च आम्ही वाटून घेतो. हेही भाडे मानले जाईल का?

उत्तर : नफा नसेल, तर सहसा नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात याची कसोटी नेमकी दिली आहे : गाडी आठपेक्षा जास्त प्रवाशांसाठी बनवलेली नसावी, जमा झालेली रक्कम त्या प्रवासाच्या खर्चापेक्षा अधिक नसावी आणि पैशांचे प्रवास सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे. तुमच्या पॉलिसीत काय म्हटले आहे, ते मात्र विमा कंपनीकडून लेखी मागवून घ्या.