आशाताईंच्या गृहभेटींचा परिणाम मोबाइल ॲपने मोजता येतो का? कोणते ॲप वापरावे?

मोबाइलवर किंवा टॅबवर फॉर्म भरून माहिती गोळा करण्यासाठी कोबो टूलबॉक्स घ्यावे की ओडीके, असे आपण विचारले आहे. दोन्हींची घडण सारखीच आहे आणि दोन्ही रेंजशिवाय चालतात, तेव्हा शिकवायला सोपे वाटेल ते घ्यावे. मात्र फॉर्म जेथे भरला ती जागा दाखवणारे नकाशावरचे ठिपके मोजून कार्यक्रमाला गुण देणार असाल, तर गगनबावडा तालुक्यातील माझा अनुभव आधी वाचावा.

एका संस्थेसाठी मी नवजात बालकांच्या गृहभेटी तपासत होतो. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. भेटीनंतर टॅबवर फॉर्म भरायचा आणि शेवटी जीपीएस नोंदवायचे, ही रचना माझीच होती. ऐन पावसाळ्यात एका आशाताईंचे सगळे ठिपके एकाच घरावर, तेही त्यांच्या स्वतःच्या घरावर पडले. कोल्हापुरात बसलेल्या प्रकल्प समन्वयकांनी भर बैठकीत त्या भेटी खोट्या ठरवल्या आणि संस्थेकडून मिळणारा मोबदला रोखला.

मी वाडीवर जाऊन ताईंची वही आणि बाळंतिणींकडची माता-बाल संरक्षण कार्डे ताडून पाहिली, तेव्हा तारखा आणि वजने जुळली. पावसात टॅब भिजू नये म्हणून त्या तो घरीच ठेवीत, वजन-तापमान वहीत टिपून घेत आणि रात्री जेवणखाण आवरल्यावर फॉर्म भरीत. शिवाय एका सासूबाईंनी ‘पोराचा फोटू काढाय लागलीयास व्हय गं?’ असे दरडावल्यापासून त्या टॅब बाहेर काढायलाच कचरत होत्या. भेटीची वेळ आणि नोंदीची वेळ यांसाठी वेगळे रकाने मी ठेवले नव्हते, हा दोष माझा होता, ताईंचा नव्हे.

टॅब कोठे होता एवढेच ठिपका सांगतो. भेटीचा उपयोग झाला का, हे कळण्यासाठी बाळाला पहिल्या सहा महिन्यांत फक्त आईचे दूध दिले की बाळगुटी, मध किंवा पाणीही पाजले, हे आईला विचारावे लागते. तेही कार्यक्रमापूर्वी एकदा, नंतर एकदा, आणि कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या गावांतही. ज्यांचे काम तपासायचे त्यांच्याकडूनच ही माहिती गोळा करवू नये.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. २.५ किलोऐवजी २५ लिहिले तर फॉर्म अडवतो. कागद अडवत नाही. त्याच जीपीएसमुळे दुसऱ्या एका गावातील न झालेल्या भेटी उघडकीस आल्या, हेही मान्य करायला हवे. पण तेथे आम्ही आधी घरोघरी विचारले आणि मगच बोललो. आपल्या समन्वयकांकडून हा क्रम आधीच लेखी घ्यावा. आमच्या ताईंना मोबदला पुढे मिळाला, परंतु त्या बैठकीच्या इतिवृत्तात ‘खोट्या भेटी’ हे शब्द अजून तसेच आहेत.