पलायन नव्हे, सुटका

पंचवटीतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: हातपाय बांधून घेऊन, पेटीत कोंडून घेऊन सगळ्यांदेखत बाहेर येणाऱ्या जादूगाराच्या कलेला मराठीत काय म्हणावं? मुलीच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत ‘पलायनकला’ छापलंय, ते चालेल का?

अजिबात नाही. हा शब्द हल्ली वरचेवर कानावर येतो आणि दर वेळी खटकतो. पलायन म्हणजे परा + अयन, दूर जाणं. ‘अय्’ धातूच्या आधी आलेल्या उपसर्गातल्या ‘र’चा ‘ल’ होतो. ‘उपसर्गस्यायतौ’ असं पाणिनीचं स्वतंत्र सूत्रच आहे त्यासाठी. शब्दाच्या पोटातच अंतर आहे. याच कलेसाठी गाजलेला जादूगार हुडिनी कुठे दूर गेला होता? १९०४ साली लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये एका वर्तमानपत्राने आव्हान म्हणून आणलेल्या बेड्यांशी तो तासाहून जास्त वेळ झगडला, आणि त्या काढल्यावर तिथेच रंगमंचावर उभा राहिला. याला पलायन म्हणायचं?

फरक बघायला नाशिककरांनी लंडनपर्यंत जायलाही नको. भगूरचे सावरकर ८ जुलै १९१० रोजी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपातल्या गोल खिडकीतून बाहेर पडले. तेवढं झालं निसटणं. पोहून धक्क्यावर चढले आणि धावत सुटले, ते पलायन. पण लगेच पकडले गेले. सुटका झाली ती थेट १९२४ साली, तीही सशर्त. एकाच माणसाच्या चरित्रात तीन शब्द, आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

निसटायला पकड ढिली असली की पुरतं, कर्तबगारी लागतेच असं नाही. ज्ञानेश्वरीत अर्जुनाचं गांडीव हातून निसटतं, तिथे कोणाचंही कसब नाही. म्हणून ‘निसटकला’ही नको.

आता ‘सुटणे’. या शब्दावर माझा फार जीव आहे. हिंदीत जिथे ‘छ’ दिसतो, तिथे मराठीत कितीदा तरी ‘स’ निघतो. छुरी–सुरी, छाल–साल, छह–सहा, मछली–मासळी. पूछना आणि पोंछना हे दोन्ही मराठीत ‘पुसणे’च झाले. तसेच छूटना–सुटणे आणि छोड़ना–सोडणे. या एका घरात बघा कोण कोण नांदतं: शाळेची सुट्टी, दुकानदाराची सूट, कंडक्टर मागतो ते सुटे पैसे, घरांची सोडत, सोडचिठ्ठी, सोडवलेलं गणित. वारा सुटतो, पोट सुटतं, तोंडाला पाणी सुटतं. सगळीकडे काहीतरी अडकलेलं, दाबलेलं मोकळं होतंय.

‘सुट्टी’ आणि ‘सूट’ हे हिंदीवरून उचललेले, असं छातीठोक सांगणारे शुद्धलेखनाचे पंडित मला पुष्कळ भेटतात. त्यांनी मग ‘छापा’ आणि ‘छावणी’चा ‘छ’ जसाच्या तसा का राहिला ते सांगावं. जे उशिरा आलं त्याचा ‘छ’ टिकला, आणि जे प्राकृतातून पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळत आलं त्याचा ‘स’ झाला. ‘सुट्टी’तला जोड ‘ट’ शेजाऱ्यांच्या ‘छुट्टी’मुळे आला असेल तर असो. तेवढ्यासाठी अख्खा शब्द परका ठरवणं हा निव्वळ आळस आहे.

या क्रियापदाची खरी ताकद अशी की गाठही सुटते आणि माणूसही सुटतो. या कलेचं मर्म तेच आहे. दोर आवळला जात असताना छाती भरून श्वास घ्यायचा, दंड फुगवायचे, मनगटं किंचित आडवी धरायची. बांधणाऱ्याला वाटतं, घट्ट बसलं. मग श्वास सोडला, अंग सैल टाकलं, की दोन बोटं ढील मिळते. वेड्यांना घालायच्या लांब बाह्यांच्या जाड कापडी अंगरख्यातही हेच. तो चढवतानाच बळकट हात वरच्या बाजूला ठेवून जागा चोरायची, मग तो हात जोर लावून डोक्यावरून पलीकडे घ्यायचा, आणि बकलं कापडाआडूनच बोटांनी काढायची. कापड फाटत नाही, दोर तुटत नाही. म्हणून ‘बंधभंजन’ सुचवणाऱ्यांचंही मला पटत नाही. इथे भंग कशाचाच होत नाही.

‘सुटका तर दुसरा कोणीतरी करतो’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. बातम्यांत ‘पोलिसांनी सुटका केली’ असंच असतं. पण मराठीत ‘सुटका करून घेणे’ आहे ना! ‘करून घेणे’ने कर्ता आणि लाभार्थी एकच होतात, आणि कसबाची सगळी धार त्या दोन शब्दांत येते. ‘हुडिनीने बेड्यांतून सुटका केली’ असं लिहिणाऱ्याला मी विचारतो, कोणाची केली?

पत्रिकेत ‘सुटकेचे प्रयोग’ छापा. ‘प्रयोग’ हा शब्द रंगभूमीवर आधीपासून आहेच.