ब्रेक कुठे मारायचा

प्रिय पोरी,

पत्र वाचलं. कात्रज-सिंहगड डोंगरधारेवर सायकल चालवताना पुन्हा त्याच उताराला घसरलीस आणि खापर टायरवर फोडलंस. टायर चांगला आहे गं. तू ब्रेक भलत्या जागी मारतेस.

आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. टणक थर कातळाचा टप्पा होऊन पुढे येतो, त्याखालचा मऊ थर झिजून त्याचा मुरूम होतो. म्हणून इथला उतार एकसलग नसतो: कातळाची पायरी, खाली घसारा म्हणजे सुटा, निसरडा मुरूम, पुन्हा पायरी. चाक पायरीवरून खाली आलं की तू घाबरून ब्रेक आवळतेस, म्हणजे नेमकी घसाऱ्यावर. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर कुणाचा पाय ठरलाय? वेग कमी करायचा तो वर, कोरड्या कातळावर, जिथे टायर धरून राहतो. पायरीच्या काठाशी पोचेपर्यंत ते काम उरकलेलं हवं. घसाऱ्यावर पुढचा ब्रेक मोकळा, मागचा अगदी हलका, आणि नजर खालच्या कातळावर, जिथे पुन्हा वेग कमी करता येईल. तसा कातळ दिसतच नसेल तर उतर आणि सायकल हातात धरून चाल. मी चालतो.

सीट खाली केलीस ते छान. पण व्हिडिओ बघून मागच्या चाकावर लोंबकळायची सवय लागलीय ती सोड. पुढच्या चाकावर भार नसेल तर ते वळतच नाही. भार पायांवर, पेडल आडवे, टाचा किंचित खाली.

हवा पुढे २०, मागे २३ पीएसआयपासून सुरू कर (तुझे टायर २.४ इंची, ट्यूबलेस आहेत म्हणून, ट्यूब असती तर इतकी कमी चालली नसती). रिम दगडाला लागल्याचा आवाज आला तर दोन वाढव.

पावसाळ्यात जाऊच नकोस. शेवाळलेल्या कातळावर माझं वरचं सगळं शहाणपण फोल. दिवाळीच्या सुमारासही गवतात दगड दडलेले असतात. डिसेंबर-जानेवारी बरा.

या वाटा मुळात गुराख्यांच्या. गुरं समोर आली की सायकलवरून उतर आणि डोंगराच्या अंगाला उभी राहा, दरीच्या नाही. म्हैस धक्का देताना बाजू बघत नाही. आणि पुढच्या खेपेआधी ब्रेक पॅड बदलून घे, फोटोत पार झिजलेले दिसतायत.

तुझा,
काका