टो-पाथला मराठीत काय म्हणायचं? मोटेची धाव आठवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक ताई इंग्लंडात यॉर्कशायरला राहतात, त्या हेब्डन ब्रिजहून शेजारच्या टॉडमॉर्डनला चालत गेल्या, जाताना डोंगरातल्या शेतांमधून फूटपाथने आणि येताना कॅनॉलच्या काठाने जाणाऱ्या टो-पाथने, आणि आता ते सगळं घरच्यांसाठी मराठीत लिहायला बसल्यात तर या दोन शब्दांपाशीच गाडी अडलीय. फूटपाथ लिहिलं की आईच्या डोळ्यांसमोर लक्ष्मी रोड येतो, आणि टो-पाथला तर काहीच सुचत नाही.

फूटपाथचं आधी उरकतो, कारण तिथे शब्दांचा दुष्काळ नाहीये, उलट जास्तच आहेत. आपण ज्याला फूटपाथ म्हणतो त्याला इंग्लंडात पेव्हमेंट म्हणतात आणि त्यांचा फूटपाथ म्हणजे लोकांच्या शेतातून, कुरणातून, कधी कुणाच्या अंगणाला लागून जाणारी पायवाट, जिच्यावरून चालायचा सगळ्यांना कायद्याने हक्क असतो. खांबावर पिवळा बाण दिसला की समजायचं ही चालणाऱ्यांची, निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही चालतात. मग पायवाट लिहा की सरळ, पाऊलवाटही चालेल, पण माझ्या कानाला पाऊलवाट म्हणजे कुणी न आखलेली, पावलांनी गवत झिजून आपोआप पडलेली, थोडी कवितेतली वाटते. ही वाट नकाशावरची आहे. आणि नकाशावरच्या वाटा आपल्याकडेही आहेत हं! तलाठ्याकडचा गावनकाशा कधी बघितलात तर एका तुटक रेषेने दाखवलेला असतो तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट, आणि दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला तो गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. (सव्वाआठ हा विचित्र आकडा कुठून आला? जुनी मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे, त्यातले चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट.)

आणि तो जो चालायचा हक्क, त्यालाही राइट ऑफ वे वगैरे लिहायची गरज नाही, आपल्याकडे वहिवाट आहे ना. शेजाऱ्याने बांधावर काटे टाकून वाट अडवली की माणूस अजूनही 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे जातो, आणि अर्जात शब्द काय असतो, तर वहिवाटीचा रस्ता. तेव्हा ‘वहिवाटीची पायवाट’ लिहा, खेड्यातल्या कुठल्याही माणसाला बरोब्बर कळेल की जमीन दुसऱ्याची आणि वाट सगळ्यांची. जिथे दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आहेत आणि मधून बोळासारखी वाट जाते तिथे पाणंद लिहायचा मोह मला तरी आवरला नसता, विदर्भातले वाचक असतील तर पांदण. आणि त्या भागात मॅन्किनहोल्स नावाच्या खेड्याच्या बाजूला डोंगरावर जी मोठाल्या फरशा टाकलेली जुनी वाट आहे, लोकरीचे गठ्ठे लादलेल्या घोड्यांसाठी केलेली, ती वाचून कोकणी माणूस पटकन म्हणेल, अरे ही तर पाखाडी! फक्त आपली जांभ्याची आणि बहुतेकदा पायऱ्यांची, त्यांची सपाट.

आता टो-पाथ. इथे खरी मजा आहे.

बरेच जण ‘कालव्याकाठचा रस्ता’ लिहून मोकळे होतात, चूक काहीच नाही, पण त्यात दोन घोटाळे होतात. एक म्हणजे कालवा म्हटलं की आपल्याला दिसतो तो उसाला पाणी नेणारा, मुठेचा नाहीतर नीरेचा, ज्यात पाणी वाहतं आणि शेजारून इरिगेशनवाल्यांच्या जीपचा रस्ता असतो. (कोकणात कालवं म्हणजे शिंपल्यातली, आणि घाटावर पोरांना ‘कालवा करू नका रे’ म्हणतात तो वेगळाच.) ताई ज्याच्याकडेने चालल्या तो रॉचडेल कॅनॉल शेतीसाठी नाहीये, तो माल वाहायला खणलेला, सॉवरबी ब्रिजपासून मँचेस्टरपर्यंत 51 किलोमीटर, 1804 साली पूर्ण झाला. त्यातलं पाणी जवळजवळ उभंच असतं आणि डोंगर चढायचा तर लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेले हौद, बांधून पायरी पायरीने होडी वर घ्यायची. लॉकला पुस्तकी मराठीत जलपाश म्हणतात, मला तो शब्द फाशी दिल्यासारखा वाटतो, लॉकच ठेवा.

दुसरा घोटाळा जास्त मोठा. टो-पाथ हे नाव ती वाट कुठे आहे ते सांगतच नाही, ती कशासाठी आहे ते सांगतं. टो म्हणजे ओढणं, आपली नो-पार्किंगमधली स्कूटर टो करतात तेच ते. होडीला ना शीड ना इंजिन, काठावरून घोडा चालायचा, त्याच्यापासून होडीपर्यंत लांब दोर, आणि तो एकटा घोडा पंचवीस-तीस टन माल ओढायचा कारण एकदा होडी हलली की उभ्या पाण्यात ती ओढायला फारसा जोर लागत नाही. पाठीवर लादलं असतं तर त्याच घोड्याने शंभर-सव्वाशे किलो नेलं असतं. म्हणजे ती वाट घोड्याची, फिरायला येणाऱ्यांची नंतर झाली.

मग एखादा म्हणेल ओढवाट करा. मी पण आधी तेच म्हणालो होतो, मग मोठ्याने वाचून बघितलं तर ओढ्याची वाट ऐकू येते, नाहीतर मनाची ओढ, दोन्हीकडे घोडा नाही. बंगालीत होडी दोराने ओढण्याला गुण टाना म्हणतात, गुण म्हणजे दोर हा संस्कृतातला जुना अर्थ तिथे अजून जिवंत आहे, पण मराठीत गुणवाट लिहिलं तर लोकांना दहावीचा निकाल आठवेल.

आणि मग एकदा आजोळच्या पडक्या विहिरीपाशी उभा होतो तेव्हा टाळकं चाललं, की जनावराने दोर ओढायचा, त्या दोराच्या टोकाला पाण्यातलं ओझं, आणि त्या जनावराने चालायची एक ठरलेली, खास त्यासाठी बांधून काढलेली वाट, ही गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक मोटेच्या विहिरीला होती! मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची मोठी पिशवी, बहुतेकदा चामड्याची, आणि ती ओढणाऱ्या बैलांच्या वाटेला धाव म्हणतात. विहिरीच्या तोंडापासून बाहेर उतरत गेलेली, बैल उतारावरून खाली निघाले की नाडा ताणला जाऊन मोट वर येते, थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या हौदात, पाणी ओतते, आणि बैल पुन्हा मागे मागे सरकत वर येतात. नाडा म्हणजे जाड दोर आणि सोंदूर म्हणजे मोटेचं तोंड सांभाळणारा बारीक दोर. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर बघायला जाणारे लोक खाली उतरून कमानींचे फोटो काढतात, पण वर मोटा कुठे बसत होत्या तेही बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

फरक आहेत, ते मान्य. धाव विहिरीच्या खोलीच्या हिशोबाची, आखूड, टो-पाथ मैलोनमैल. धावेला उतार पाहिजेच, टो-पाथ सपाट, फक्त लॉकपाशी चढतो. बैल तिथल्या तिथे जा-ये करतात, घोडा पुढेच जातो. पण मराठीने त्या वाटेला नाव देताना जे बघितलं, म्हणजे ओढणारं जनावर, तेच इंग्रजीनेही बघितलं, आणि कालव्याकाठच्या रस्त्यात नेमकं तेच गळून पडतं. जुन्या कॅनॉलवरच्या पुलांच्या कडा बघितल्या तर ओल्या दोरांनी घासून खाचा पडलेल्या दिसतात, दगडात आणि लोखंडातसुद्धा. वाचकाला आधी धाव म्हणून सांगितलं असेल तर त्या खाचांचं वर्णन आलं की त्याला वेगळं समजवावं लागत नाही, त्याच्या डोक्यात दोर आधीच ताणलेला असतो.

आणि टो-पाथ नसेल तर काय व्हायचं तेही सांगतो, त्याने शब्दाचा अर्थ आणखी पक्का होतो. तिथून फार लांब नाही, हडर्सफील्डच्या अरुंद कॅनॉलवर स्टँडेजचा बोगदा आहे, 1811 चा, पाच किलोमीटरच्या वर लांब, आणि आत घोड्याला वाटच नाही. मग घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे आणि माणसं होडीवर उताणी पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावून होडी पुढे ढकलायची, अंधारात, तासन्‌तास. धाव नाही म्हणून माणूस बैल झाला.

आता तुम्ही म्हणाल की चाळिशीच्या आतल्या कुणाला धाव माहितीय, त्यांना क्रिकेटच आठवणार. खरंय, मोटा गेल्या, इंजिनं आली, मोटर आली, शब्दही गेला. पण टो-पाथचंही तेच झालंय ना, 1952 साली तो कॅनॉल जवळजवळ सगळा होड्यांना बंद झाला, 2002 मध्ये परत पूर्ण खुला झाला तेव्हा डिझेलच्या होड्या होत्या, घोडा कधीच गेला होता आणि नाव मात्र राहिलं. तिथे आज कुत्रा फिरवणाऱ्या माणसाला टो म्हणजे काय ते आठवतंच असं नाही. तेव्हा ताई, पहिल्यांदा शब्द येईल तिथे एका वाक्यात सांगून टाका, म्हणजे ‘होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी कॅनॉलच्या काठाने बांधलेली धाव’ असं, आणि पुढे बिनधास्त ‘कॅनॉलची धाव’ लिहीत जा. आईंना विचारून बघा, त्या गावाकडच्या असतील तर तुम्ही सांगायच्या आधीच ओळखतील.

फक्त धाव ती, हे विसरू नका, आजकाल लोक ‘धावावरून’ लिहितात. म्हणजे असं: टॉडमॉर्डनहून परत येताना आम्ही पाणंदीने वर न चढता कॅनॉलच्या धावेने निघालो.