एकच नाव, माणसं वेगळी

ठाण्यात रद्दीवाल्याकडचे सुपरहिरो कॉमिक्सचे सुटे अंक घेऊन सुरुवात करतोयस, हे फार छान! फक्त मुखपृष्ठावर खलनायकाचं नाव दिसलं की ‘हा तोच’ असं धरून चालू नकोस. नवे वाचक हमखास इथेच गोंधळतात. आधी आतलं खरं नाव शोध, मग वर्ष बघ.

सरावाला बॅटमॅनचा खलनायक क्लेफेस घे. १९४० चा बेसिल कार्लो म्हणजे मुखवटा घालून खून करणारा नट, तेव्हा त्याच्याकडे कसलीही शक्ती नव्हती. १९६१ चा मॅट हेगन मात्र हवं ते रूप घेतो. मला तो जुना कार्लोच जास्त भीतिदायक वाटतो.

स्पायडरमॅनचा खलनायक ग्रीन गॉब्लिन, त्यात सध्या नॉर्मन आणि हॅरी हे बाप-लेकच ओळख. हॉबगॉब्लिन हा वेगळा खलनायक, त्याला यात मिसळू नकोस. समांतर विश्वं, म्हणजे त्याच पात्रांची निराळी रूपं असलेली जगं, नंतर बघू.