खातं सगळ्यात शेवटी बंद कर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

इन्स्टाग्राम सोडायचं ठरवलंस ते बरं झालं, पण खातं आज रात्रीच उडवू नकोस. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांच्या खात्यावर ट्विटरने कारवाई केली, तेव्हा आपल्याकडचे पुष्कळ लोक तावातावाने मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या दुसऱ्या जाळ्यावर गेले आणि बरेचसे परतही आले. जागा वाईट नव्हती. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसंच तिथे नव्हती.

म्हणून आधी माणसं गोळा कर. ज्यांची खबरबात कळली नाही तर चुकल्यासारखं होईल, अशी वीस-तीस नावं निघतील. एकेकाला मेसेज करून फोन नंबर आणि ई-मेल माग. स्टोरी टाकून भागत नाही. ती चोवीस तासांत जाते, आणि नेमकी हवी ती माणसं ती बघत नाहीत.

मग स्वतःचं सामान उचल. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये आपली माहिती उतरवून घ्यायची सोय आहे. तारखांमध्ये अगदी सुरुवातीपासूनचा पर्याय निवड आणि फोटोंचा दर्जा सर्वांत वरचा ठेव. हे न बघता पुढे गेलीस तर जुने फोटो राहून जातील किंवा बारीक होऊन येतील. एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडून वाचायची) आणि जेसन (दुसऱ्या अ‍ॅपला वाचता येणारी), दोन्ही प्रती घे. जेसनमध्ये देवनागरी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीतला प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजून लिहिलेला असतो. मजकूर गेलेला नसतो, वाचायला एचटीएमएल उघड. जेसन लागेल पिक्सेलफेड या फोटोंच्या जाळ्यासाठी. मॅस्टोडॉनसारखंच तेही एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांचं मिळून बनलेलं आहे. तिथले काही सर्व्हर जुने इन्स्टाग्राम फोटो आत घेऊ देतात. डाउनलोडची लिंक फार दिवस टिकत नाही, आली की लगेच उतरवून घे.

मॅस्टोडॉन आणि पिक्सेलफेड दोन्ही अ‍ॅक्टिव्हिटीपब या सामायिक भाषेवर चालतात, त्यामुळे एकीकडून दुसरीकडचं खातं फॉलो करता येतं. सर्व्हर निवडताना नियमांचं पान वाच आणि खर्च कोण उचलतं ते बघ. मॅस्टोडॉन डॉट लोल हा सर्व्हर चालवणाऱ्याने २०२३ मध्ये बंदच केला. अशी वेळ आली तर आधी नव्या खात्यात जुन्या खात्याचा पत्ता नोंदवायचा, मगच जुन्यातून स्थलांतराची आज्ञा द्यायची. क्रम उलटा केला तर होत नाही. फॉलोअर बरोबर येतात, पोस्ट मात्र मागेच राहतात.

पहिले पंधरा दिवस तिथे ओकंबोकं वाटेल. तुझ्यासाठी काही निवडून पुढे सरकवणारं कुणी नाही. नवं वर, जुनं खाली, बस. हॅशटॅग नसेल तर अनोळखी माणसाला तुझा फोटो सापडणं कठीण, तेव्हा दोन-तीन दे, आणि रानफुलांचे हॅशटॅग स्वतःही फॉलो कर. नुसतं टाकत बसण्यापेक्षा इतरांना उत्तरं दे, त्यानेच ओळखी होतात. फोटोला वर्णन लिही, न दिसणाऱ्यांना स्क्रीनरीडर ते वाचून दाखवतो. ‘सुंदर फूल’ हे वर्णन नव्हे. ‘काळ्या कातळावर सोनकीचा पिवळा ताटवा, मागे धुकं, पुढच्या फुलावर मधमाशी’ असं लिही. आणि तिथला खासगी उल्लेख, म्हणजे ठरावीक माणसालाच पाठवलेला निरोप, हे बंद पाकीट नाही, सर्व्हर चालवणारा तो वाचू शकतो. पत्ता, आजारपण, पैशांचं बोलणं सिग्नल अ‍ॅपवर.

घरच्यांना यातलं काही शिकवायला जाऊ नकोस. आत्या-मावश्या व्हॉट्सअ‍ॅपवरच राहणार, राहू देत. त्यांना महिन्यातून एक ई-मेल पुरे. पाच-सहा फोटो, रुंदी १,६०० पिक्सेलपर्यंत कमी करून. मोबाइलमधले जसेच्या तसे जोडलेस तर जीमेलची २५ एमबीची मर्यादा बघता बघता भरते. पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या रकान्यात, घाल, नाहीतर एका काकांचं ‘छान!’ चाळीस जणांना जातं.

हे सगळं दोन महिने सुरळीत चाललं की मग खातं काढ. त्याला जोडलेलं थ्रेड्स या त्याच कंपनीच्या अ‍ॅपवरचं प्रोफाइलही त्याबरोबर जाईल. विनंती केल्यावर ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात लॉगिन करून मन बदलता येतं, आणि बहुतेक जण तिथेच घसरतात. म्हणून फोनमधलं अ‍ॅप, ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड आणि घरातल्या जुन्या टॅबवरचं लॉगिन आधीच काढून टाक. तेच युजरनेम पुन्हा मिळेलच असं नाही.

सर्व्हर कुठला निवडतेयस ते कळव. त्याचे नियम मीही एकदा नजरेखालून घालतो.

तुझा,
काका